सपाट आवाज

तिसरीच्या त्या गटाला शाळेत कोणी आपण होऊन हात लावत नसे. अक्षरं ओळखणारी, पण वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरणारी मुलं त्यात होती. वर्षाच्या शेवटी सगळ्या शाळांची एकच परीक्षा व्हायची. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि बरोबर वाटेल त्याच्यासमोरचा गोल पेन्सिलने काळा करायचा. या मुलांना प्रश्न वाचून दाखवायची परवानगी होती, फक्त वाचणाऱ्याने सपाट आवाजात वाचायचं. कुठे जोर द्यायचा नाही, कुठे रेंगाळायचं नाही, भुवईसुद्धा हलू द्यायची नाही.

बाई या कामात पटाईत होत्या. घरी आरशासमोर बसून त्या प्रश्नपत्रिका वाचत आणि चेहरा जरा हलला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव 'घोषणाबाई' पडलं होतं. कवायतीचे सर तर म्हणत, "बाईंनी आग लागल्याचं सांगितलं तरी आपण डबा संपवूनच उठू." बाई हसण्यावारी नेत, पण आतून त्यांना त्याचा अभिमान होता. तोंडावरची माशी न हलवता वाचणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

सुरुवातीला सरावाच्या तासांत या पोरांची उत्तरं म्हणजे अंधारात मारलेले दगड होते. मग ती सुधारली. मग इतकी सुधारली की मुख्याध्यापिका स्वतः वर्गात येऊन बाईंची पाठ थोपटून गेल्या. आनंद व्हायला हवा होता. बाईंना मात्र त्या वर्गात हल्ली गार वाटायला लागलं होतं, खिडक्या लावल्या तरी.

एक तर ती मुलं विचार करताना दिसत नसत. डोकं खाजवणं नाही, शेजारच्याच्या कागदात डोकावणं नाही, पेन्सिल चावणं नाही. बाई चौथा पर्याय वाचून संपवत आणि सगळ्या पेन्सिली एकदम कागदावर उतरत. खर्र असा एकच आवाज होई, आणि मग पुन्हा शांतता. कोणी बाईंकडे पाहत नसे. सगळी मान खाली घालून, कान मात्र टवकारून बसलेली.

एकदा गडबडीत बाईंनी पाचवीची प्रश्नपत्रिका उचलली आणि अर्धी वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तपासली तर सगळी उत्तरं बरोबर. ढापण्या नावाच्या चष्मेवाल्या पोराला तर अजून घड्याळ कळत नव्हतं, आणि त्यानेही आगगाडीच्या वेगाचं गणित सोडवलं होतं. पुढच्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीच्या एका गणितात बाई स्वतः चुकल्या. त्यांच्या मते उत्तर 'ब' होतं, छापील उत्तर निघालं 'क'. सगळ्या मुलांनी 'ब' काळं केलं होतं. अहो, चुकायचं तर प्रत्येकाने आपापलं चुकावं, ही कुठली रीत? बाईंनी ते कागद कपाटात ठेवून दिले आणि कुणापाशी बोलल्या नाहीत. कौतुक चालू असताना माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत नाही.

त्याच दिवसांत त्यांची आई दवाखान्यात होती. मेंदूत गाठ निघाली होती. वाचा गेली होती, समजत मात्र सगळं होतं. ऑपरेशन केलं तर आई वाचण्याची बरीच शक्यता होती, पण पुढची कित्येक वर्षं अंथरुणात. नाही केलं तर काही आठवडे. अंथरूण म्हणजे काय, ते बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वडिलांचं त्यांनीच केलं होतं. कूस बदलणं, चादरी, रात्रीच्या हाका, सगळं. मोठा भाऊ दूरच्या गावी होता, तो फोनवरून काळजी करायचा.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचाच फोन आला, दवाखान्यातून. "डॉक्टर म्हणतात आईलाच विचारा. हो असेल तर ती हात दाबेल. संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"मग तू आलायस ना तिथे? विचार की."

"सकाळपासून विचारतोय गं. माझ्या हातात तिचा हात नुसता पडून राहतो. तुझ्याशी बोलेल ती. आणि हे बघ, तिचं जे उत्तर असेल ते. आपण मध्ये बोलायचं नाही."

आई 'हो' म्हणाली तर? आणि 'नको' म्हणाली तर? दोन्हीची सारखीच भीती वाटत होती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

शाळा सुटल्यावर सरावाचा तास होता. छापील प्रश्न संपले. मुलं पेन्सिली सरसावून तशीच बसली होती. बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, कागद खाली न ठेवताच त्या वाचत राहिल्या.

"पुढचा प्रश्न. एक म्हातारी बाई आजारी आहे. तिचं काय करावं? अ, ऑपरेशन करावं. ब, करू नये. क, आणखी थांबावं. ड, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं."

खर्र.

बाईंनी कागद गोळा केले. ब. ब. ब. एकूण एक ब. आणि त्यांना एकदम हलकं वाटलं, पाण्याने भरलेली घागर कुणी कमरेवरून उतरवून घ्यावी तसं. पोरांना सगळं बरोबर येतं. पाचवीचं येतं, मग हेही येत असेल.

मुलं दप्तरं उचलून गेली. सगळ्यात शेवटी निघाली ती चिमणी. एवढीशी होती आणि बोलायची त्याहून कमी, म्हणून चिमणी. बाईंनी तिला थांबवलं.

"चिमणे, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुला कसं कळलं?"

"तुम्ही सांगितलंत."

"मी कुठे सांगितलं? मी तर सगळं सारखं वाचते."

"हो, सारखंच वाचता," चिमणी म्हणाली. "पण बरोबर उत्तर यायच्या आधी तुमचा श्वास थांबतो. मग ते वाचून झालं की सुटतो. आम्ही तेवढंच ऐकतो. गोष्ट ऐकायला लागलं की चुकतं."

"सगळेच ऐकतात?"

"ढापण्याने शोधून काढलं." मग तिने बाईंकडे जरा काळजीने पाहिलं. "चुकलं का, बाई? आज तर केवढा वेळ थांबला होता."

बाई म्हणाल्या, "नाही, बरोबर आहे. जा घरी." रिकाम्या वर्गात त्यांनी ते कागद पुन्हा एकदा चाळले. म्हातारीचं काय करावं हे पोरांना माहीत नव्हतं. बाईंना काय हवंय हे माहीत होतं, आणि ते बाईंच्याही आधी. आपल्याला आई नकोय. हा विचार आला आणि तो काही केल्या जाईना.

दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यांनी चालत काढला. आपल्या मनातलं आईपर्यंत पोहोचू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. निदान हा एक प्रश्न तरी खरोखर आईचाच राहू दे. चालता चालता त्या पुटपुटत होत्या, करायचं, नाही करायचं, आणि श्वास मोजून घेत होत्या. समोरून येणारी माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती.

भाऊ बाहेर बाकावर डोळे मिटून बसला होता. आत आई जागी होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला. तो गार होता, वर्गासारखा.

"आई, ऑपरेशनचं विचारतेय. मी दोन गोष्टी म्हणेन. तुला जी हवी, तिथे हात दाब." त्यांनी नजर भिंतीवर ठेवली आणि श्वास एकसारखा चालू ठेवला. उभ्या आयुष्यात त्या इतकं सपाट कधी बोलल्या नव्हत्या. "करायचं." थोडं थांबून, "नाही करायचं."

हात दाबला गेला. हलका, पण स्पष्ट.

बाईंनी क्रम बदलला. "नाही करायचं," म्हणाल्या, आणि पुढचं म्हणण्याआधीच हात दाबला गेला. बाईंचा श्वास तर थांबला नव्हता. त्यांनी भिंतीवरची नजर काढून आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता की विचारणा नव्हती. लहानपणी ताटातला शेवटचा घास पुढे सरकवून 'मला भूक नाही' म्हणताना ती अशीच पाहायची, आणि भूक तर दोघींनाही असायची. आईला श्वास ऐकायची गरजच नव्हती. ढापण्या काय शोधून काढणार, हिने ते लेक पाळण्यात असतानाच शोधलं होतं.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "काय म्हणाल्या?"

अजूनही सांगता आलं असतं. हे तिचं उत्तर नाही, माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं.

"नको म्हणाली."

"नक्की? पुन्हा विचारलंत?"

"उलटसुलट करून विचारलं. दोन्ही वेळा नको."

डॉक्टरांनी समजुतीने मान हलवली आणि भावाला सांगायला बाहेर गेले. बाई उठायला लागल्या. आईने हात सोडला नाही. बाईंनी हलकेच ओढून पाहिलं, तर पकड आणखी घट्ट झाली. दुखेल इतकी घट्ट, आणि तशीच राहिली. बाहेर भाऊ रडत होता. बाईंना एकेक बोट धरून हात सोडवावा लागला, आणि तेवढा वेळ आई त्यांच्याकडे पाहत होती.