दादा हुशार आहे पण

मास्तरांचं व्याकरण ज्याने वाचलं नाही असा माणूस त्या गावात शोधूनही सापडला नसता. हिरव्या पुठ्ठ्याचं, बोटभर जाडीचं पुस्तक. नाम म्हणजे काय, सर्वनाम म्हणजे काय, विशेषण कुठे बसतं, क्रियापद कुठे, हे त्यात इतकं सोपं करून सांगितलेलं की ढातला ढ मुलगाही परीक्षेत तरून जायचा. त्यामागची युक्ती साधी होती. मास्तर उदाहरणं राजाराण्यांची देत नसत, घरातली देत. जेवता जेवता मध्येच थांबत, कोणाकडे तरी रोखून बघत, आणि हातातला घास तसाच ठेवून डाव्या हाताने कागदावर काहीतरी खरडत. मग बाकीच्यांना कळायचं की आपल्यापैकी कोणीतरी आता पुस्तकात गेलं.

नामाला उदाहरण होतं, 'दादाला बक्षीस मिळाले.' क्रियापदाला, 'आई पाणी भरते.' भविष्यकाळाला, 'दादा मोठा साहेब होईल.' विशेषणापासून पुढे मात्र धाकटीची पाळी. 'धाकटी मुलगी आळशी आहे.' क्रियाविशेषणाला, 'धाकटी हळूहळू वाचते.' शब्दयोगी अव्ययाला, 'धाकटी दारामागे रडते.' आणि उभयान्वयी अव्ययाला, म्हणजे दोन वाक्यं जोडणाऱ्या शब्दाला, मास्तरांनी आपली सगळी बुद्धी खर्ची घातली होती: 'दादा हुशार आहे पण धाकटी मठ्ठ आहे.'

धाकटी म्हणजे मास्तरांचीच मुलगी. घरात मुलं दोनच, दादा आणि ती. हे वाक्य लिहिलं गेलं तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती आणि जोडाक्षरांपाशी अडखळत होती. पुढे अडखळणं गेलं, वाक्य राहिलं. एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं. वर्गात बाई म्हणायच्या, "उभयान्वयी अव्यय कोणतं?" आणि अख्खा वर्ग तिच्याकडे वळून ओरडायचा, "पण!" मग तेच तिचं नाव झालं. गल्लीतून जाताना मागून हाक यायची, "ए पण!" ती रडत घरी आली आणि तिने सगळं सांगितलं, तेव्हा मास्तरांचा चेहरा उजळला.

"बघ, सगळ्या वर्गाला पाठ झालं!" ते तिच्या आईला म्हणाले.

आईने पोरीचे डोळे पुसले आणि पाणी भरायला गेली. दुसरं काय करणार? तिचंही वाक्य ठरलेलं होतं.

लग्नाचं वय झालं तेव्हा एक चांगलं स्थळ आलं. माणसं सभ्य, मुलगा हसरा. बोलणं रंगात आलं असताना मुलाच्या भावाने विचारलं, "पुस्तकातली ती मठ्ठ, ती ह्याच का?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मास्तर हसले, कारण पुस्तक इतक्या लांब पोचल्याचा तो पुरावा होता. त्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. कारण दुसरंही असेल. धाकटीने मात्र मनाशी एकच कारण धरलं आणि ते आजपर्यंत सोडलं नाही. पुढे आलेल्या स्थळांसमोर ती अशी काही तोंड शिवून बसायची की त्यांना पुस्तक न वाचताच पटावं.

ती शिकली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली आणि तिथेच केस पांढरे होईपर्यंत टिकली. दंडाला पट्टा बांधायचा, बोटाने चाचपून शीर शोधायची, सुई घालायची, नळीवर चिठ्ठी चिकटवायची, काचपट्टी भिंगाखाली ठेवायची. तिची सुई दुखत नाही अशी ख्याती होती. तरीही एखादा नवखा बाही वर करता करता विचारायचाच, "तुम्ही मास्तरांच्या धाकट्या ना?" आणि तिने हो म्हटलं की त्याची नजर आधी सुईकडे जायची, मग दाराकडे. अशा वेळी आपल्या हातून सुई जरा जोरात जावी असं तिला मनापासून वाटायचं. गेली मात्र कधीच नाही.

दादा भविष्यकाळाला जागला. साहेब झाला, दूरच्या शहरात बायकोमुलांसह राहिला आणि सवड मिळाली की फोन करू लागला. आई आजारी पडली तेव्हा त्याला सवड नव्हती, गेली तेव्हा होती. मग मास्तरांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला आणि हळूहळू सगळं दिसायचं बंद झालं. दादा फोनवर म्हणाला, "धाकटे, तू आहेस म्हणून मला काळजी नाही." हे त्याने प्रेमाने म्हटलं, तिला कळत होतं. पण एकाला काळजी नसणं हे दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर असतं, हे त्या हुशार माणसाला कळत नव्हतं.

तेव्हापासून मास्तरांचं सगळं तीच बघत होती. रोज सकाळी बोट टोचून साखर तपासायची, मग गोळ्या, मग आंघोळीचं पाणी. चहाचा कप टेबलावर ठेवताना दर वेळी सांगायचं, "अप्पा, उजव्या हाताला ठेवलाय." हे न सांगता कप ठेवला तर म्हातारा टेबलभर हात फिरवत बसे आणि तिला ते बघवत नसे.

अशात एक दिवस प्रकाशक आले. पुस्तक पहिल्यांदा छापणाऱ्या थोरल्या प्रकाशकांचा हा मुलगा, आता तोही टकला. खुर्चीवर बसून त्याने बराच वेळ मास्तरांची तब्येत विचारली आणि मग विषयाला हात घातला.

"मास्तर, नवी आवृत्ती काढू या. पण काही वाक्यं बदलावी लागतील. आता शाळा ऐकून घेत नाहीत. मुलगी आळशी, मुलगी मठ्ठ, आई पाणी भरते... तक्रारी येतात हो."

"इतकी वर्षं कोणाला काही खुपलं नाही ते?" मास्तर म्हणाले.

"काळ बदलला, मास्तर."

धाकटी आतल्या दारात उभी होती. जे मागायला तिची जीभ जन्मभर उचलली नव्हती, ते हा टकला गृहस्थ एका वाक्यात मागून मोकळा झाला. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. मास्तरांनी कुरकुर करत होकार दिला. ते सांगणार आणि धाकटी लिहून घेणार, असं ठरलं.

त्या दिवसांत लॅबमधून घरी येताना तिचे पाय झपझप पडत. काचपट्टीवरच्या पेशी मोजताना ती मनातल्या मनात वाक्यं करून बघे. तिला काही मोठं नको होतं. हुशार नको, गुणी नको. 'धाकटी रक्त तपासते.' बस्स, एवढंच. कर्ता, कर्म, क्रियापद. बापाच्या पुस्तकात आपलं एक खरं वाक्य असावं, आणि ते बापाच्या तोंडून यावं, एवढी एकच हौस तिला उरली होती. तिचं वय बघता ही हौस हास्यास्पद होती, हेही ती जाणून होती.

क्रियापदाचा धडा आला.

"'आई पाणी भरते' खोड," मास्तर म्हणाले. "लिही, 'आई पुस्तक वाचते.'"

पेन थांबलं. "अप्पा, आईला वाचता येत नव्हतं."

"मग?"

"तिला शिकायचं होतं. तुम्हाला वेळ नव्हता."

"अगं, उदाहरण आहे ते! व्याकरणाला खरंखोटं नसतं. वाक्य शुद्ध आहे ना? मग लिही."

तिने लिहिलं. आई बिचारी मेल्यावर साक्षर झाली.

दादाच्या एकाही वाक्याला हात लागला नाही. त्याचं बक्षीस राहिलं, त्याचं साहेब होणं राहिलं. विशेषण आलं तेव्हा 'धाकटी मुलगी आळशी आहे' जाऊन 'मांजर आळशी आहे' आलं. क्रियाविशेषणात कासव हळूहळू चालायला लागलं. दारामागे आता चेंडू होता. एकेका धड्यातून ती निघून चालली होती आणि स्वतःच स्वतःला खोडत होती. तरी ती गप्प राहिली, कारण तिचा जीव उभयान्वयी अव्ययापाशी अडकला होता. तिथे दोघं आहेत, तिथे आपल्याला काढता येणार नाही, असा तिचा हिशोब होता.

तो धडा आला त्या सकाळी तिने चहा जरा मनापासून केला. कप ठेवला, "उजव्या हाताला, अप्पा," म्हणाली आणि ताकाला जाऊन भांडं न लपवता सरळ विचारलं.

"अप्पा, इथे माझं एक वाक्य घालाल का? चांगलं नको. नुसतं खरं."

"कसलं?"

"'धाकटी रक्त तपासते.' असलं काहीतरी."

मास्तर हसले. रागाने नाही, लाडाने हसले, आणि तेच तिला जास्त लागलं. "अगं, रक्त कशाला पोरांच्या पुस्तकात? आणि उदाहरण असं घडवून होत नाही. ते खरं असावं लागतं, ऐकताक्षणी पटावं लागतं. खोटं उदाहरण मी जन्मात दिलं नाही."

आईच्या पुस्तकाची शाई अजून वाळली नव्हती.

"घे लिहून," मास्तर म्हणाले. "'दादा हुशार आहे पण साधा आहे.'"

आता 'पण'च्या अलीकडेही दादाच आणि पलीकडेही दादाच.

"आणि मी?" तिच्या तोंडून गेलं.

"तू काय? मठ्ठ म्हटलेलं नको होतं ना तुम्हा लोकांना? काढलं. आता पुस्तकभर कुठे तुझं नाव नाही. झालीस खूश?"

त्यांच्या मनात खरोखरच खोट नव्हती. त्यांनी आपल्या परीने मुलीचं एक काम करून टाकलं होतं. धाकटी कागदाकडे बघत बसली. समोर आंधळा बाप, हातात पेन, आणि कागदावर जे उतरेल ते त्याला दिसणार नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिने बापाने सांगितलेलं लिहिलं नाही. तिने लिहिलं, 'दादा दूर राहतो पण धाकटी जवळ राहते.' वळणदार अक्षरात, आणि खाली 'पण'ला रेघ दिली. लिहिताना हात थरथरला नाही. शीर सापडल्यावर तो कधीच थरथरत नसे.

पानं न्यायला प्रकाशक आले. धाकटीला वाटलं होतं, ते पिशवीत घालून निघून जातील. पण मास्तर म्हणाले, "एकदा सगळं मोठ्याने वाचा. कानावरून गेलेलं बरं." प्रकाशकांनी वाचायला सुरुवात केली. मांजर गेलं, कासव गेलं, चेंडू गेला. ती दाराला धरून उभी राहिली.

"'दादा दूर राहतो पण धाकटी जवळ राहते,'" प्रकाशकांनी वाचलं आणि ते पुढे निघाले.

"थांबा," मास्तर म्हणाले.

मास्तरांची मान दाराच्या दिशेला वळली. दिसत नव्हतं, तरी बरोबर वळली. क्षणभर, फक्त क्षणभर तिला वाटलं, बापाला ऐकू गेलं. वाक्य नव्हे, त्यातलं तिचं म्हणणं.

"हे मी सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

प्रकाशकांनी तिच्याकडे पाहिलं, काय ते ओळखलं आणि घाईने म्हणाले, "राहू द्या ना, मास्तर. शुद्ध आहे. खरंही आहे."

"शुद्ध आहे हो. पण असं वाक्य कोणाच्या लक्षात राहतं? जुनं बघा. कुठेही जा, अजून लोकांच्या तोंडात आहे. तुम्हीच म्हणा, 'दादा हुशार आहे पण'..."

"'धाकटी मठ्ठ आहे!'" प्रकाशक बोलून गेले. लहानपणी पाठ केलेलं, ते तोंडाबाहेर पडताना थोडंच विचारतं? आणि म्हणून झाल्यावर ते हसले, मास्तरही हसले, दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग प्रकाशकांना आपण कुठे बसलोय ते आठवलं.

"ताई, रागावू नका हं. शाळेची आठवण झाली, एवढंच."

"तिला काही वाटत नाही," मास्तर म्हणाले. "धाकटे, ते खोड आणि मी सांगितलेलं लिही."

तिने पुढे येऊन पेन घेतलं. लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, खोडताना गिरबटायचं नाही, एकच सरळ रेघ मारायची. तिने एकच सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दादा हुशार आहे पण साधा आहे.' प्रकाशकांनी पानं पिशवीत घातली, चहाला नको नको म्हटलं आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता जिना उतरले.

ती आत गेली, चहा केला आणि एकच कप घेऊन बाहेर आली.

"राग आला का गं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"व्याकरणाला खरंखोटं नसतं, अप्पा. वाक्य शुद्ध आहे ना?"

तिने कप टेबलावर ठेवला, डाव्या हाताला, आणि ठेवला म्हणून सांगितलं नाही. मास्तरांचा उजवा हात सवयीने पुढे आला, टेबलावर फिरला, काठापर्यंत गेला, परत आला.

"धाकटे?" ते म्हणाले. "कुठे आहेस?"

ती हाताच्या अंतरावर उभी होती आणि तिने ओ दिली नाही.