दोन बोटं जास्त

धाकट्या भावाचा कपडा शिवायचा तर शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडायचं, ही शिंप्याची जुनी सवय. आईवडील लवकर गेलेले, पोर वाढतं, दरवर्षी नवं कुठून आणणार? दादानेच रात्रंदिवस मशीन बडवून त्याला शिकवलं.

पुढे धाकट्याचं नशीब असं फळफळलं की विचारू नका. जमिनी घेतल्या, विकल्या, आणि रस्त्यापलीकडच्या अठ्ठावीस मजली इमारतीत सगळ्यात वर राहायला गेला. शिंप्याचं अर्धं दुकान रस्तारुंदीत गेलं. लोक तयार कपडे घेऊ लागले. याच्याकडे उरलं चेन बदलणं आणि पॅन्ट आखूड करणं. दुपारचा चहा सांगायचा तोही एकच.

पुतणीच्या लग्नाचं कार्ड टपालाने आलं. टपालाने, बरं का, रस्त्यापलीकडून. शिंप्याने राग गिळला आणि भावासाठी कोट शिवला. माप घ्यायला जायची गरजच काय, हाताखाली वाढलेला भाऊ. सवयीने दोन बोटंही सोडली. पंचावन्नचा माणूस आता काय वाढणार होता, देव जाणे. कोट इमारतीच्या वॉचमनकडे दिला.

लग्नात भाऊ लांबूनच दिसला, दुसऱ्याच कोटात. शिंप्याने मनाची समजूत घातली: घालेल कधीतरी, आणि येऊन म्हणेल, दादा, मस्त बसला. तेवढं ऐकायला तो दोन महिने दाराकडे डोळे लावून बसला.

एके दुपारी एक आडव्या अंगाचा ड्रायव्हर तोच कोट घेऊन आला.

"आमच्या साहेबांनी दिला, काका. काखेत आवळतोय. कॉलरमध्ये तुमच्या दुकानाची पट्टी दिसली, म्हणून आलो."

नव्या कोटाचे खिसे शिंपी कच्च्या टाक्याने बंद करून देई. घालणारा पहिल्यांदा हात घालताना तो दोरा तोडतो. त्याने पाहिलं. दोन्ही खिशांचे टाके जागच्या जागी होते.

"साहेब ओळखीचे का तुमच्या?"

"गिऱ्हाईक होते," शिंपी म्हणाला. आतून तो पार मोडला होता.

त्याने शिवण उसवली, दोन बोटं मोकळी केली, पुन्हा टीप मारली. ड्रायव्हरने कोट चढवला, आरशात पाहिलं आणि लाजत म्हणाला, "काका, मस्त बसला."

शिंप्याने कात्रीने खिशांचे टाके कापले. "थांब जरा, चहा सांगतो."

पण ड्रायव्हरला थांबता येईना. साहेब खाली उतरायची वेळ झाली होती. तो गेल्यावर शिंप्याने एकच चहा सांगितला.