शेवटच्या भट्टीचं कवेलू

कडूबाने फुटक्या कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा, तुकडा जिभेला लावला. चिकटला, म्हणून टोपल्यात टाकला. पुढचा चिकटला नाही. तो बाजूला गेला.

"मामाजी, हे काय करून राह्यले?" दवाखान्यातली ड्युटी आटोपून आलेली सून सुचिता दारातच थबकली. तिच्या हातात नर्सरीतली झाडाच्या सालीची पिशवी होती. नवं ऑर्किड कालच आलं होतं.

"जे खापर जिभेले धरते, ते पानी पेते. बाकीचं कामाचं नाही."

आधीचं ऑर्किड कडूबानेच मारलं होतं, तेही मायेनं. कुंडीतली साल त्याला कचरा वाटली. ती फेकून त्याने गावाकडची, जानेफळच्या वावरातली काळीभोर माती चाळून गच्च भरली. पंधरा दिवसांत मुळं सडली. जन्माचा कुंभार, आणि मातीतच चुकला! सुचिताने रिकामी कुंडी धुऊन पुन्हा जागेवर ठेवली, तेच त्याला जास्त लागलं.

"साल चांगली असते, मामाजी."

"असंन. पन इकडच्या उन्हात दुपारलोक कोरडीठाक होते. तू येतं संध्याकाळी. याच्या मुळाले हवा पाह्यजे अन् ओलबी. एक डाव मले करू दे. नाही जमलं, तर तुह्या कुंडीले पुन्हा हात लावनार नाही."

सुचिताने पिशवी कोनाड्यात ठेवली.

जानेफळच्या घरावर टिनाचे पत्रे बसले, तेव्हा उतरवलेली ही कवेलू. कडूबाच्या शेवटच्या भट्टीची. गोणीभर खापर त्याने एसटीनं मेहकरला सुनेच्या घरी आणलं, तर कंडक्टर हसला होता. त्याने ते दोन दिवस भिजवलं, कोळसा आणि नारळाच्या शेंड्या मिसळल्या, आणि झाड बसवलं. सबंध उन्हाळा तो रोज सकाळी कुंडीत बोट घालून ओल बघायचा.

माघात जांभळा तुरा आला. शेजारची गोजरबाई बघतच राहिली.

"कोनती माती टाकली वं?"

"माती नाही, काकू," सुचिता म्हणाली. "आमच्या मामाजीच्या हातचं कवेलू हाये."

कडूबाचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत त्याच्या कवेलूंचं नाव कुणी काढलं नव्हतं. गोजरबाई गेल्यावर तो कुंडीशी वाकला. एका हिरव्या मुळाने वरचं खापर घट्ट धरलं होतं. त्यावर भाजण्याआधी ओल्या मातीत उठलेली त्याच्याच बोटाची खूण होती. त्याने बोट त्या खुणेत ठेवून पाहिलं. म्हातारं बोट आता तिला जरा बारीक पडत होतं.