टिबुकलीची बुडी

थोरली रागावली की बोलायची नाही, चालायची. आज तर ती तळ्याकाठच्या पायवाटेवरून अशी सुटली होती की मागून येताना धाकटीची तारांबळ उडाली.

"ताई, अगं हळू! तळं काही पळून जात नाहीये."

"तळं नाही जात. जाणारी माणसं जातात."

धाकटीला या बोलण्याचा थांग लागेना. बहिणीची जीभ म्हणजे कात्री, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. पण कात्री चालते आहे ती कुठल्या कापडावर, हे तरी कळायला नको?

दोघींचे नवरे गेल्यापासून त्या पुन्हा एका छपराखाली राहत होत्या. पुढच्या खोलीत थोरलीचं शिवणाचं मशीन. उसवलेलं, सैल झालेलं, आखूड पडलेलं सगळं तिच्याकडे यायचं. काजं, बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी गप्पा हा धाकटीचा प्रांत. लोक म्हणत, एकीला शिंक आली की दुसरी रुमाल काढते.

घोडं पेंड खात होतं ते कालच्या प्रसंगापाशी. धाकटीची लेक काल येऊन गेली. तिचं पहिलंच बाळंतपण जवळ आलेलं. निघताना मायलेकी दारात कुजबुजत होत्या आणि आत थोरली एका कोटाची बाही टाचत होती. टाचण्या नेहमीप्रमाणे ओठांत धरलेल्या.

"आई, आता कायमचीच ये ना आमच्याकडे," लेक म्हणत होती. "मावशीचं काय, ती खमकी आहे. राहील एकटी."

आणि लगेच धाकटीचा आवाज आला, चांगला खणखणीत, "येते!"

तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. थोरलीने नुसतं "हं" केलं आणि पुढची टाचणी कोटाऐवजी बोटात घुसवली. तेव्हापासून ती टोचणी काही जाईना.

पुढे वळणावर मात्र तिचे पाय आपोआप मंदावले. सकाळ होतीच तशी. धुकं पाण्यावरून उठून झाडांत शिरत होतं, जसं कुणी अंथरुणावरची चादर हलकेच ओढून घ्यावी. पाकोळ्या पाण्याला पोट टेकवत सुसाट जात होत्या. आणि लव्हाळ्याच्या कडेला एक टिबुकली तरंगत होती, मुठीएवढं, भुरकं पाणपाखरू. तिच्या पाठीवरच्या पिसांतून पट्ट्यापट्ट्यांची इवली डोकी बाहेर डोकावत होती.

"अगं बाई, ताई, बघ! पोरं पाठुंगळी घेतलीयेत!"

थोरलीला हसू आलंच. टिबुकली हे धाकटीचं घरातलं नाव. बाबांनी ठेवलेलं. भांडी घासायची वेळ झाली की ही बुडी मारायची, ती थेट जेवणाच्या पाटावर वर यायची. पण नाव खरं पडलं ते याच तळ्यावर. बाबा दोघींना इथे पोहायला शिकवत. एकदा धाकटी पाण्याखाली गेली आणि वर येईचना. थोरली काठावर उभी राहून अशी किंचाळली की पलीकडच्या काठावरची माणसं धावली. धाकटी मात्र भलतीकडेच, लव्हाळ्यातून, दात काढत वर आली. बाबा हसले. थोरलीने त्या दिवशी तिच्याशी अबोला धरला आणि रात्रभर तिचा हात धरून झोपली.

पाण्यावरच्या टिबुकलीने बुडी मारली. पाठीवरची पिल्लं बुचांसारखी टपाटप पाण्यावर सांडली. बाकीची एकमेकांना खेटून राहिली. एक मात्र उगाच लव्हाळ्याच्या दिशेने पाय मारत निघालं.

लव्हाळ्यातली एक वाळकी काठी हलली. ती काठी नव्हतीच. राखी बगळा होता, मघापासून ध्यान लावून उभा असलेला. मान सुटली, चोच मिटली, आणि पिल्लू गटकन नाहीसं झालं. पाण्यावर साधा तरंगसुद्धा उठला नाही.

"मेल्या! टाक! टाक आधी खाली!" थोरलीने पायातली चप्पल काढून भिरकावली. ती बगळ्यापासून बरीच लांब पडली आणि संथपणे तरंगू लागली. बगळ्याने मानही वळवली नाही. जड पंख उघडले आणि तो उडाला.

टिबुकली वर आली, चोचीत चिमुकला मासा घेऊन. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जवळच्या पिल्लाला भरवला.

"एक कमी झालं, हे तिला कळलं तरी का गं?" थोरलीने विचारलं.

"कोण जाणे, ताई."

"मी उभी होते अशीच काठावर. आणि तू आता परत बुडी मारायला निघालीस. मला एका शब्दाने न सांगता!"

"मी? कुठे निघाले?"

"'येते' म्हणालीस ना लेकीला! कान आहेत मला. कायमची ये म्हणाली ती, आणि तू म्हणालीस येते!"

धाकटी कपाळावर हात मारून मटकन दगडावर बसली. "अगं माझे बाई! ते मी तुला म्हटलं! तिला बसपर्यंत सोडायला निघाले होते. दाराबाहेर पडताना काय 'जाते' म्हणू? तूच कान पिळायचीस ना माझा, जाते म्हणू नये, येते म्हणावं!"

"मला म्हणालीस?"

"मग! आणि तू 'हं' म्हणालीस!"

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या!"

दोघी अशा हसल्या की पलीकडे गळ टाकून बसलेला गृहस्थ उठून आला. त्याने गळाची काठी लांबवून चप्पल ओढली आणि थोरलीच्या पायाशी ठेवली. "आज सकाळपासून एवढंच लागलं बघा, आजी. घ्या, ताजी आहे."

तो गेला. चप्पल निथळत राहिली. हसू ओसरल्यावर थोरलीने हळूच विचारलं, "मग तिला काय सांगितलंस?"

"काहीच नाही." धाकटी पदराचं टोक पिळत होती. "कायमचं नाही जायचं मला. पण बाळंतपणाला जावंसं वाटतंय. पहिलटकरीण आहे, घाबरलीये. तुला विचारायला जीभच रेटेना."

थोरली वर पाहत होती. काठावरच्या उंच झाडाच्या शेंड्यावर तोच बगळा उतरला होता. काटक्यांच्या घरट्यातून चोची आ वासून वर आल्या, एकच कल्ला झाला. थोरलीच्या तोंडात आणखी एक शिवी तयार होती. ती तिने गिळली.

"काजं कोण करणार?" ती म्हणाली. "माझी काजं म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखी."

"गिऱ्हाईक ओरडेल थोडं."

"ओरडू दे. आणि त्या पोरीला बजावून सांग, मावशी आई उसनी देतेय. आंदण नाही."

धाकटीचे डोळे भरून आले. "म्हणजे... जाऊ?"

"काय म्हणालीस?"

"चुकले, चुकले! येऊ?"

"जाऊन ये," थोरली म्हणाली.

ओल्या चपलेचा पचक-पचक आवाज करत ती घराकडे वळली, आता बहिणीच्या चालीने. मागे मधल्या पाण्यात टिबुकलीने पुन्हा बुडी मारली. थोरली थांबली आणि ती वर येईपर्यंत तिथून हलली नाही.