जिभेची डावी कड

मी एक जुना आरसा आहे. भिंतीवरचा नव्हे आणि खिशातलाही नव्हे. माझा चेहरा अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, अगदी गोल, आणि तो वीतभर पोलादी दांडीच्या टोकाला तिरका बसवलेला आहे. मित्रांनो, माणसं आरशात स्वतःला पाहतात. माझ्यात आजवर कुणीही स्वतःला पाहिलेलं नाही. मला तोंडात घालतात आणि तिथे जे आहे ते मी डॉक्टरांना दाखवतो.

कारखान्यात माझ्या काचेला मागून नव्हे, पुढून मुलामा दिला गेला. मागून दिला असता तर एका दाताचे दोन दात दिसले असते, आणि माझ्या कामात एवढी चूक चालत नाही. तिथून चाळीस भावंडांसोबत मी एका रुग्णालयाच्या तोंडाच्या विभागात आलो. खोली साधी होती. एक खिडकी, मागे कलणारी खुर्ची, वर दिवा, कोपऱ्यात वाफेची पेटी. प्रत्येक रुग्णानंतर मला घासून त्या पेटीत तापवत. वाफेने बरीचशी भावंडं आंधळी झाली. मी टिकलो. माझ्या कडेवर एक ओरखडा आहे. सात वर्षांच्या एका मुलीने मला कडकडून चावलं होतं. तरीही विभागातल्या मोठ्या डॉक्टर म्हणायच्या, "सिस्टर, तो जुनाच द्या. त्याला खरं दिसतं." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

मग दोरीसारख्या वायरवरचा कॅमेरा आला. तो तोंडातलं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर हातभर मोठं दाखवतो. त्याच्यापुढे माझा काय निभाव लागणार? अकरा महिने मी खालच्या ड्रॉवरमध्ये कापसाच्या बोळ्यांखाली पडून होतो. एका सोमवारी कॅमेरा दुरुस्तीला गेला आणि डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला.

त्या दिवशी खुर्चीत बसले होते ते जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवणारे कारागीर. सिस्टरांनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी 'खुर्चीवाले' ठेवलं. सोबत त्यांची थोरली बहीण होती. ती कापड बेतून शिवायची, ते खिळे ठोकून बसवायचे. दोघांचं एकच दुकान.

"जिभेवरचा हा फोड किती दिवसांचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"असेल पंधरा-वीस दिवस."

"सहा आठवडे," बहीण म्हणाली. "खोटं बोलायला तेवढी जीभ नीट चालतेय."

"ताई, तू गप्प बस गं."

"गप्प बसले म्हणूनच सहा आठवडे झाले."

खुर्चीवाले म्हणाले की खिळा लागलाय, दुसरं काही नाही. त्यांच्या कामाची रीत अशी. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात लोहचुंबकाची हातोडी. खिळे धरायला तिसरा हात नाही, म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात. जीभ एकेक खिळा वळवून त्याचं डोकं ओठांत आणते, हातोडी तो उचलते आणि ठोकते. एकतीस वर्षं हेच. जीभ शेकडो वेळा टोचली आणि चार दिवसांत बरी झाली. त्यामुळे हीही जखम त्यांनी त्याच खात्यात टाकली. मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या आणि काम चालू ठेवलं.

मी आत गेलो. जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूस, घेवड्याच्या दाण्याएवढा चट्टा होता. मध्ये पांढरट-लाल, कडा उचललेल्या. डॉक्टरांनी हातमोज्यातल्या बोटाने तो दाबून पाहिला. बोट फिरलं, मागे आलं, एका जागी थांबलं. मला फक्त वरचं दिसतं. खालचं ते कठीणपण बोटाने ओळखलं. मग त्यांनी मानेच्या दोन्ही बाजू चाचपल्या.

"तंबाखू?"

"विडी ओढायचो. सोडून नऊ वर्षं झाली."

"हे खिळ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. खिळ्यामुळे लपलं, एवढं नक्की."

जागा बधिर करून त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीला घेतला. दहा दिवसांनी दोघं पुन्हा आली. तोवर स्कॅनही झाला होता. डॉक्टरांनी शब्द मऊ केले नाहीत. जिभेचा कॅन्सर होता, पण सुरुवातीचा. रुंदी दोन सेंटिमीटरच्या आत, खोली अंदाजे पाच मिलिमीटर, मानेत गाठ दिसत नव्हती. अशा वेळी बरं होण्याची शक्यता चांगली असते, असं त्या म्हणाल्या आणि कागदावर जिभेचं चित्र काढलं.

पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा. चट्टा आणि त्याभोवती बोटभर रुंदीची निरोगी जागा तोंडातूनच काढायची आणि उरलेली जीभ शिवायची. खोली एवढी असली की मानेत सगळ्यांनाच असणाऱ्या बारीक लसिकागाठींत एखादा चुकार कण लपलेला असू शकतो, म्हणून डाव्या बाजूच्या त्या गाठीही त्याच वेळी काढायच्या. काही रुग्णालयांत चट्ट्याजवळ खुणेचं औषध टोचून ते आधी जिथे पोहोचतं ती पहिली गाठ शोधतात आणि आधी तेवढीच तपासतात. "आमच्याकडे ती सोय नाही. हवी असेल तर चिठ्ठी देते."

दुसरा मार्ग किरणांचा. जिभेत बारीक नळ्या घालून काही दिवस आतून, किंवा काही आठवडे बाहेरून. जीभ कापली जात नाही. पण तोंड कोरडं पडू शकतं, दात आणि जबडा जन्मभर सांभाळावे लागतात, आणि मानेचा प्रश्न उरतोच. शिवाय त्याच जागी पुन्हा पूर्ण किरण देणं अवघड. "आधी शस्त्रक्रिया केली आणि पुढे गरज लागली, तर किरण आपल्या हातात राहतात. माझा कल शस्त्रक्रियेकडे आहे. पण जीभ तुमची आहे."

खुर्चीवाल्यांनी चित्रातल्या जिभेवर बोट ठेवलं. "किरणच द्या. जीभ कापली तर खिळा कोण फिरवणार?"

"खिळे बशीत ठेव. माणसं ठेवतात," बहीण म्हणाली.

"बशीतून उचलायला तिसरा हात लागतो."

"मी आहे की."

"तू असलीस तर चौथाही लागेल. कान झाकायला."

बहीण हसली नाही. "मला दुकान नकोय रे, तू हवायस," एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खिळे आहेत आत्ता तुमच्याकडे?"

अर्थात होते, शर्टाच्या खिशात. डॉक्टरांनी त्यातले तीन सिस्टरांकडे दिले. ते धुऊन, माझ्याच शेजारी, वाफेच्या पेटीत तापले. एवढ्या वर्षांत माझ्या शेजारी असं कुणी बसलं नव्हतं! "एरवी हे मी कुणाला करू देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आज तीनच, आणि माझ्यासमोर. ही जीभ काम कसं करते ते मला बघायचंय."

मित्रांनो, मी हजारो जिभा पाहिल्या आहेत. पण त्या दुपारी जे पाहिलं त्याने माझी काच जणू थरारली. तीन खिळे जिभेच्या डाव्या कडेला, गालाशी निजले होते. जिभेचं टोक तिकडे वळलं. अंधारात, डोळ्यांवाचून, त्याने टोक कुठलं आणि डोकं कुठलं ते स्पर्शाने ओळखलं. मग जिभेची उजवी बाजू दुमडली, खिळा वरच्या दातांना टेकून अर्धा गरकन फिरला आणि डोकं पुढे करून ओठांत येऊन उभा राहिला. सगळं मिळून एक सेकंद. एवढं नाजूक काम करणारा हा स्नायूंचा गोळा रोज आपल्या तोंडात असतो, आणि आपण त्याला फक्त चव विचारतो.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मला डावीकडून धरलं, उजवीकडून धरलं. तिसऱ्या खेपेला त्या ताठ बसल्या.

"डावी कड फिरवत नाही. ती नुसती फळी आहे, खिळे ठेवायची. फिरवतं ते टोक आणि उजवी बाजू. मला काढायची आहे ती डावी कड."

खुर्चीवाल्यांनी खिळे हातावर काढले. "एकतीस वर्षं माझ्याच तोंडात चाललंय, आणि मला ठाऊक नाही?"

"मी वचन देत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सूज येईल, बोलणं अडखळेल, गिळायला पुन्हा शिकावं लागेल. खिळा फिरेल की नाही, तेही सांगता येणार नाही."

खुर्चीवाल्यांनी बहिणीकडे पाहिलं. "मग कापा," ते म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या खोलीत मी नव्हतो. सिस्टरांच्या तोंडून ऐकलं तेवढंच सांगतो. तीन तास लागले. काढलेल्या तुकड्याच्या कडा तिथल्या तिथे तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. मानेतल्या चोवीस गाठी काढल्या. आठवड्याने त्यांचा अहवाल आला. एकाही गाठीत काही नव्हतं. किरणांची गरज पडली नाही.

पंधराव्या दिवशी मी पुन्हा त्या तोंडात गेलो. जीभ सुजलेली होती, बाहेर काढली की डावीकडे झुकायची. 'स' निसटत होता, 'र' अडत होता. बहीण त्यांच्या वतीने उत्तरं देऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी तिला थांबवलं. "त्यांना बोलू द्या. बोलणं हेच औषध आहे." उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी रोजचे व्यायाम दिले. महिन्यामहिन्याने मी पाहत गेलो. उरलेली जीभ आपली कामं नव्याने वाटून घेत होती. जे डावीकडून व्हायचं ते उजवीकडून होऊ लागलं. कुणीही तिला नकाशा दिला नव्हता. कॅमेरा केव्हाच परत आला होता, पण या तोंडासाठी डॉक्टर मलाच मागवत.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "खिळा?"

"एकदाच करून पाहिला," खुर्चीवाले म्हणाले. 'र' जरा जड होता, पण सरळ उभा होता. "फिरतो. मग बशी घेऊन आलो."

"फिरतो, तर बशी कशाला?"

"उद्या पुन्हा काही उगवलं, तर ते खिळ्याचं की दुसऱ्या कशाचं, हे कोण ओळखणार? आता ताई बशीतला एकेक खिळा हातोडीला लावून देते. सोबत भाषण फुकट."

"भाषण तुला ऐकू येतंय, जिवंत आहेस म्हणून," बहीण म्हणाली आणि दोघंही हसली.

एकतीस वर्षांचं कसब माणसाने आपण होऊन खाली ठेवलं. कापलेली जीभ शिकते, हे आश्चर्य मी पाहिलं होतंच. हे त्याहून मोठं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्याहून मोठा आरसा असेल. उजेडात उभे राहा, जीभ बाहेर काढा, डावी कड पाहा, उजवी पाहा, खालून पाहा. घरातल्या मोठ्यांनाही पाहायला सांगा. दात लागला असेल, गरम लागलं असेल, कारण काहीही असो. जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर तिला कारण देत बसू नका, दाखवा. मी स्वतःहून कुणाच्या तोंडात डोकावू शकत नाही. आधी तुम्हाला तोंड उघडावं लागतं.