सुनेचं स्टूल

नववा लागला की बायका घरात दुपटी आणतात, झबली आणतात. जिजींच्या सुनेने परक्या माणसांचे दात आणायला सुरुवात केली.

सून दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यांवर मेणाची हिरडी चढवून ती एकेक दात बसवायची आणि कवळी तयार करायची. काम नाजूक आणि तिचा हात बसलेला, याबद्दल जिजींची काही तक्रार नव्हती. पण लॅबचं काम लॅबमध्ये ठेवावं की नाही? ही बया ते डब्याच्या पिशवीतून घरी आणू लागली. एका सकाळी जिजींनी चहाचा कप घ्यायला कपाट उघडलं, तर बशांच्या मागून कोणाचा तरी खालचा जबडा त्यांच्याकडे टकामका बघत होता. जिजींनी कपाट लावून घेतलं आणि त्या दिवशीचा चहा पेल्यातून प्यायल्या.

बरं, काम आणते तर आणते, वर डबा जसाच्या तसा परत आणते. पाय पावासारखे फुगलेले. काय झालं विचारलं की म्हणते, काही नाही. हे 'काही नाही' जिजींच्या डोक्यात जायचं. मुलाला विचारावं, तर तो आधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा आणि मग छताकडे. याला जन्म दिला तेव्हा पाठीचा कणा द्यायचा विसरलेच, असं जिजी त्याला तोंडावर म्हणायच्या. तो हसायचा. तेवढं त्याला छान जमायचं.

शेवटी एका संध्याकाळी जिजींनी सुनेसमोर खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. मग हळूहळू बाहेर आलं. रजा मंजूर झाली होती, पण मालकाने जागेवर कोणाचीच सोय केली नव्हती. कवळीचं काम लॅबमध्ये ती एकटीच करायची. ती गेली की साचे तसेच पडून राहणार, डॉक्टर दुसरी लॅब धरणार, आणि ती बाळंतपणातून उठून परत जाईपर्यंत तिला कोण ओळख दाखवणार? म्हणून जमेल तेवढं काम ती आधीच उरकून ठेवत होती. असं किती उरकणार, हे तिलाही माहीत होतं. बोलताना तिचा आवाज मेणासारखा मऊ पडला, आणि जिजींना एकदम मालकाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कवळी सैल झाल्याचं निमित्त करून जिजी लॅबमध्ये निघाल्या.

ती कवळी सुनेनेच केलेली. नवीन लग्न होऊन ती घरात आली त्याच वर्षी जिजींचे उरलेसुरले दात गेले होते. जिजींच्या पुढच्या दोन दातांत पहिल्यापासून फट, ओळखीचे लोक त्यांना हसण्यावरून लांबून ओळखायचे. सुनेने कोणाला न सांगता जुने फोटो धुंडाळले आणि कवळीत तेवढीच फट ठेवली. जिजींनी कवळी घातली, आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "चावता येतंय." याहून जास्त कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

लॅब एका दुकानाच्या वर होती. जिन्यातच गरम मेणाचा वास यायचा. आत प्लास्टरची धूळ, घासायच्या यंत्राची घरघर, फळीवर ओळीने मांडलेले गुलाबी जबडे. खिडकीजवळ सुनेचं स्टूल, त्यावर जुन्या चादरीची शिवलेली उशी. सून तपासणीसाठी दवाखान्यात गेलेली, म्हणून स्टूल रिकामं होतं.

मालकाच्या भुवयांवरसुद्धा धूळ होती. जिजींनी त्याला बसूही दिलं नाही. दुकान मांडता येतं आणि एका बाळंतिणीच्या जागी माणूस बघता येत नाही का, तुमच्या आईने तुम्हाला काय फळीवरून उतरवून घेतलं होतं का, असं सगळं त्यांनी एका दमात विचारून घेतलं. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"मावशी," तो मग म्हणाला, "मी दोघींना आणलं होतं. दोघींना तुमच्या सुनेनेच परत पाठवलं."

पहिलीला खरंच काही येत नव्हतं. दुसरीचाही हात बसलेला नाही, असं सून म्हणाली. मालक डॉक्टरांची ये-जा सांभाळायचा, दात लावण्यातलं त्याला कळत नव्हतं. ती नको म्हणाली, तो नको म्हणाला. दुसरीने करून दाखवलेला नमुना अजून फळीवर होता. जिजींनी तो मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

दात भिंतीसारखे सरळ नव्हते. पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा रेललेला, वयस्क माणसाच्या तोंडात असतो तसा. कडा थोड्या झिजवलेल्या. जिजींची जीभ आपोआप स्वतःच्या फटीवरून फिरली. जिजी गप्प झाल्या हे पाहून मालकाने घाबरून पाणी मागवलं.

बोलता बोलता त्याने त्या दुसरीचंही सांगितलं. आधीच्या लॅबमधून ती बाळंतपणाला गेली, तेव्हा तिच्या जागी कोणालाच बसवलं नाही, निभावून नेऊ म्हणाले. निभलं नाही. ती परत आली तेव्हा कवळीचं कामच बंद झालं होतं आणि तिच्या टेबलाच्या जागी कपाट उभं होतं.

"आणि माझ्या सुनेचं स्टूल?" जिजींनी विचारलं.

"तिचंच आहे, मावशी. दुसऱ्या कोणाला द्यायचं माझ्या मनातही नाही. पण स्टुलापुढे काम तर राहायला हवं."

नमुन्याबद्दल जिजी अवाक्षर बोलल्या नाहीत. घरातलं घरात. फक्त एवढंच म्हणाल्या, की सून त्या बाईला पुन्हा बघेल, निरोपही तीच देईल. मालकाने सैल झालेल्या कवळीची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "सैल कशाने होईल? माझ्या सुनेने केलीय."

घरी सून टेबलाशी बसली होती, पुढ्यात कोणाची तरी अर्धी हिरडी. जिजींनी हिरडी बाजूला सारून तिथे ताट ठेवलं आणि त्या दुसरीचा नमुना पाहून आल्याचं सांगितलं. सुनेच्या हातातली छोटी सुरी थांबली. थोडा वेळ ती नखाने मेण खरवडत राहिली, मग तेही सुटलं आणि डोळे भरून आले.

"ती माझ्याहून चांगली लावते, जिजी. साचा हातात घेतल्याबरोबर तिने विचारलं, हे आजोबा हसताना त्यांचं तोंड कुठल्या बाजूला जातं. असं तिथे फक्त मी विचारते. ती माझ्या जागी बसली, तर मालक मला परत कशाला बोलावेल?"

जिजी रागावल्या नाहीत. त्यांनी त्या बाईच्या टेबलाच्या जागी आलेल्या कपाटाचं सांगितलं, मालक स्टुलाबद्दल काय म्हणाला तेही सांगितलं. सून ऐकत राहिली. त्या बाईचं बाळ केवढं आहे, तिने हळूच विचारलं. चालायला लागलंय म्हणे, जिजी म्हणाल्या.

सुनेने पोटावर हात ठेवला. मग तो काढून त्या बाईला फोन लावला. आधी खरं काय ते सांगून टाकलं, की तुमचा हात उत्तम आहे, मीच खोटं बोलले, घाबरले होते. पलीकडून ती बाई काहीतरी बोलली आणि सून रडता रडता हसायला लागली. उद्याच येते म्हणाली, सुनेने फोन ठेवून सांगितलं, आणि पाय फार सुजलेत का विचारत होती. तिचेही सुजायचे.

जिजींनी दुसरी खुर्ची आणून सुनेसमोर ठेवली, त्यावर उशी टाकली आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"आता ऐक. खोटं बोललीस ते वाईट केलंस. तूच निस्तरलंस, म्हणून मी ते पुन्हा काढणार नाही. तिचा हात चांगला आहे. तुझाही आहे, तो मी रोज तोंडात घेऊन फिरते. आणि या जगात एवढी बोळकी पडली आहेत, की तुम्ही दोघी जन्मभर बसलात तरी पुऱ्या पडणार नाही. चल, पाय वर घे आणि जेव."