केकवरचं वाक्य

माझी बायको मेव्हिस गेली हे कळलं तेव्हा मी परसात कांद्याची रोपं लावत होतो. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "विल्फ, हॉस्पिटलचा फोन आहे." तिचा चेहरा पाहिला आणि पुढचं ऐकायची गरज राहिली नाही.

दफनाच्या दिवशी चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात छापील पत्रिका दिली. वर मेव्हिसचा फोटो, खाली एक वाक्य: खरं प्रेम प्रश्न विचारत नाही. आमच्या मुलीने, जिलियनने निवडलेलं. मी पत्रिका दुमडून खिशात कोंबली.

हे वाक्य आमच्याकडे कुठेही दिसतं. चहाच्या मगावर, भांडी पुसायच्या फडक्यावर. ते एका जुन्या कादंबरीतलं आहे, आणि ती मेव्हिसची लाडकी कादंबरी. मी बस चालवायची पाळी संपवून आलो की ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. त्यामुळे ते वाक्य कोण म्हणतं हे मला माहीत आहे. एक कॅप्टन म्हणतो. त्याच्या प्रेमात पडलेली पोरगी त्याला विचारते, इतके महिने होतास कुठे? तेव्हा हा तिला असं ऐकवतो, आणि पुढे तिचे दागिने घेऊन पसार होतो. त्याची बायको दुसऱ्या गावात असते.

तसलं फडकं दिसलं की मेव्हिस दुकानातच भडकायची. "लबाडाचं बोलणं विकायला ठेवलंय! अरे, ज्याला काळजी असते तो विचारतोच. विचारेनासा झाला की समजावं." हे तिला त्याच पुस्तकाने शिकवलं होतं. त्यातला एक शेजारी त्या पोरीला रोज विचारतो, खोकला कसा आहे, आणि पोरीला तो कंटाळवाणा वाटतो. मेव्हिस मलाही रोज विचारायची. जेवलास का, गुडघा दुखतोय का, आज कोणाशी भांडलास.

माती बसल्याशिवाय थडग्यावर दगड उभा करता येत नाही. ती बसल्यावर आम्ही पाद्रीसाहेबांकडे गेलो, कारण दगडावरची अक्षरं त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावी लागतात. मी सांगितलं, "नुसतं 'मॅव्ह' कोरा. सगळे तिला तेच म्हणायचे."

"टोपणनावं आमच्या आवारात चालत नाहीत, मिस्टर ऑग्डन."

"मग पत्रिकेवरचंच वाक्य घेऊ," जिलियन म्हणाली. "मम्मीचं लाडकं पुस्तक आहे."

"वा, सुंदर! त्याला काहीच हरकत नाही."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे तिचं नाव चालत नाही आणि चोराचं बोलणं चालतं?"

"संदर्भ बाजूला ठेवला तर वाक्यात तथ्य आहे."

"बाजूला कसा ठेवू? दागिने त्यानेच नेले ना?"

"झालं! डॅडचं व्याख्यान सुरू," जिलियन म्हणाली.

"तू वाचलंयस ते पुस्तक?"

"टीव्हीवर पाहिलंय. अर्धं." मग तिचा आवाज चढला. "माझ्या लग्नाच्या केकवर हेच वाक्य होतं. तेव्हा मम्मी एक अक्षर बोलली नाही!"

"तुला नाही बोलली. मला म्हणाली, जाऊ दे विल्फ, केक खाऊन संपेल. दगड कोण खाणार आहे?"

पाद्रीसाहेब खोकले. जिलियन रडत उठून बाहेर गेली.

मी तिच्या मागे गेलो. ती फाटकापाशी उभी होती. माझा राग अजून उतरला नव्हता, पण तिचा नवरा दफनाला उशिरा आला होता आणि आजही आला नव्हता, हे माझ्या डोक्यात होतं.

"नील कुठे आहे?"

"कामावर असेल."

"शनिवारी?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "मला माहीत नाही, डॅड. मी त्याला विचारत नाही."

"का नाही विचारत?"

बस आली, ती चढली, आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसली.

त्याला दोन महिने झाले. मेव्हिसच्या थडग्यावर अजून दगड नाही, आणि नीलला अजून कोणी काही विचारलेलं नाही.